खिडकी उघडण्यापूर्वी

विंडोजवर पार्श्वभूमीत चालणाऱ्या एखाद्या सर्व्हिसने 'ओके' बटण असलेली साधी संदेशचौकट उघडली, तर ती कुणाला दिसते? एक्सपीच्या काळात सर्व्हिसेस आणि यंत्रावर पहिल्यांदा लॉगिन केलेला माणूस एकाच सत्रात असत. त्यामुळे योग्य ती परवानगी दिलेली असली की चौकट त्याच्या स्क्रीनवर यायची. व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने सुरक्षेसाठी सर्व्हिसेस 'सेशन झीरो' नावाच्या वेगळ्या सत्रात हलवल्या. आता चौकट उघडते, कोड बटणाची वाट पाहत थांबतो आणि बटण दाबणारा कुणीच नसतो. प्रोग्राम कोसळत नाही, लॉगमध्ये एक ओळ येत नाही, टास्क मॅनेजरमध्ये सगळे सुरळीत दिसते. रात्रीचा अहवाल का आला नाही, हे सकाळी कुणी विचारले की शोधाशोध सुरू होते. अखेर निघते ते असे, की सर्व्हिसच्या कोडमध्ये काहीच बिघाड नव्हता. चौकट उघडली होती सर्व्हिसने लोड केलेल्या एका प्लगइनने.

ही पुस्तिका त्या प्लगइनच्या लेखकासाठी आहे. स्वतंत्र प्रोग्राम लिहिणाऱ्याला हा प्रश्न फारसा छळत नाही. आपला प्रोग्राम खिडक्यांचा आहे की टर्मिनलचा, हे तो पहिल्याच दिवशी ठरवतो आणि त्याप्रमाणे लिहितो. प्लगइनवाल्याच्या हातात ते नसते. तो पाहुणा, घर दुसऱ्याचे. होस्ट प्रोग्राम कुणी सुरू केला, कोणत्या यंत्रावर, खिडकीसह की खिडकीविना, समोर माणूस बसला आहे की पहाटे तीनला क्रॉनने तो उठवला आहे, यातले काहीच त्याला आधी ठाऊक नसते. त्यात प्लगइन विंडोज, मॅक आणि लिनक्स अशा तिन्हीकडे चालवायचा म्हटला की 'इथे ग्राफिकल इंटरफेस आहे का?' या एका प्रश्नाचे प्रत्येक घरी वेगळे उत्तर मिळते आणि कधी कधी एकाच घरात सकाळी एक, संध्याकाळी दुसरे.

माझे म्हणणे सुरुवातीलाच सांगून टाकतो. या प्रश्नाला 'आहे' किंवा 'नाही' असे उत्तर हवे असते, पण प्रश्न त्या जातीचा नाही. कुणाला विचारता, केव्हा विचारता आणि कशासाठी विचारता, या तिन्हींवर उत्तर बदलते. आपल्याकडे सर्रास दिसणारा कोड यांपैकी एकाचाही विचार करत नाही. तो ऑपरेटिंग सिस्टिमचे नाव बघतो. विंडोज किंवा मॅक असेल तर 'आहे', लिनक्स असेल तर डिस्प्ले हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल भरलेला आहे का ते बघायचे. झाले काम.

या व्हेरिएबलची गोष्ट थोडी सांगायला हवी, कारण अर्धे गैरसमज तिथूनच येतात. एक्स विंडो सिस्टिमचे काम एमआयटीत 1984 मध्ये सुरू झाले. बॉब शाइफ्लर आणि जिम गेटिस ही त्यातली ठळक नावे. आज वापरात असलेली अकरावी आवृत्ती 1987 ची. प्रोग्राम एका यंत्रावर चालेल आणि त्याची खिडकी दुसऱ्या यंत्रावर दिसेल, हे त्या रचनेत पहिल्यापासून गृहीत होते. म्हणून डिस्प्ले या व्हेरिएबलमध्ये स्क्रीन आहे की नाही हे लिहिलेले नसते. तिथे पत्ता असतो: कोणते यंत्र, कितवा डिस्प्ले. आता, पाकिटावर पत्ता लिहिलेला आहे एवढ्यावरून त्या पत्त्यावर कुणी राहते असे कसे म्हणता येईल?

टीमक्स वापरणाऱ्यांना याचा अनुभव नक्की असेल. ऑफिसातून एसएसएचने सर्व्हरवर गेलात, एक्स फॉरवर्डिंग चालू ठेवले, टीमक्सचे सेशन उघडले. डिस्प्लेमध्ये 'लोकलहोस्ट:10.0' असे काहीतरी आले. संध्याकाळी सेशन तसेच सोडून घरी गेलात आणि रात्री साध्या एसएसएचने पुन्हा त्याच सेशनला जोडलात. सेशनमधल्या जुन्या शेलमध्ये तो पत्ता अजून जसाच्या तसा आहे. त्यामागचा बोगदा मात्र संध्याकाळीच बंद झालेला. आता त्या शेलमधून होस्ट सुरू केलात आणि तुमच्या प्लगइनने व्हेरिएबल बघून 'आहे' असे ठरवले, तर पुढची ओळ थेट भिंतीवर आदळते.

उलट बाजूही आहे. वेलँडवर चालणाऱ्या डेस्कटॉपवर खरा पत्ता वेलँड डिस्प्ले या दुसऱ्याच व्हेरिएबलमध्ये असतो. जुना डिस्प्ले तिथे बहुतेक वेळा भरलेला मिळतो, पण तो एक्सवेलँड नावाच्या मधल्या दुभाष्यामुळे. दुभाषा बसवलेला नसेल तर रिकामा. मॅकवर तो एरवी नसतोच. कुणी एक्सक्वार्ट्झ बसवले की अचानक उगवतो आणि त्याचा मॅकच्या स्वतःच्या खिडक्यांशी काडीचा संबंध नसतो. विंडोज 11 मधल्या लिनक्स उपप्रणालीत दोन्ही व्हेरिएबल भरून मिळतात. म्हणजे 'लिनक्स असेल तर डिस्प्ले बघ' हा नियम लिनक्सवरही पुरता लागू पडत नाही.

मग व्हेरिएबलवर विसंबण्याऐवजी सरळ जोडणी करून बघावी, असे कुणी म्हणेल. ते बरोबर आहे, पण त्यात एक धोका आहे आणि तो प्लगइनलाच आहे. जीटीके या खिडक्यांच्या टूलकिटमध्ये सुरुवात करण्याची दोन फंक्शने आहेत. त्यातले साधे 'जीटीके इनिट' डिस्प्ले मिळाला नाही तर अख्खी प्रक्रियाच संपवून टाकते. दुसरे, 'जीटीके इनिट चेक', नुसते 'नाही जमले' असे सांगून परत येते. क्यूटीचा खाक्या तर आणखी कडक: एक्ससीबी नावाचा प्लॅटफॉर्म प्लगइन लोड करता आला नाही की ते एक लांबलचक संदेश छापते आणि प्रोग्राम तिथल्या तिथे बंद पाडते. स्वतंत्र प्रोग्राम असता तर एवढे बिघडले नसते. इथे बंद पडतो तो होस्ट, आणि त्याच्याबरोबर वापरणाऱ्याचे दोन तासांचे न जतन केलेले काम. 'मी फक्त स्क्रीन आहे का ते बघत होतो' या सबबीने ते परत मिळत नाही.

आणि जोडणी झाली म्हणजे तरी सगळे कळले का? चाचण्या चालवणाऱ्या सर्व्हरवर एक्सव्हीएफबी नावाचा एक्स सर्व्हर सर्रास वापरला जातो. तो खिडक्या, रंग, फॉन्ट सगळे खरोखर रेखाटतो, फक्त मेमरीत. पत्ता खरा, जोडणी खरी, खिडकीही खरी. बघणारा मात्र कुणी नाही. तिथे 'पुढे जायचे का?' असे विचारणारी चौकट उघडली की आपण सेशन झीरोमधल्या त्या 'ओके' बटणापाशीच परत येतो.

म्हणून पहिले काम: यंत्राला विचारू नका, होस्टला विचारा. कारण होस्टला यातले बरेचसे आधीच माहीत असते. पण होस्टला विचारतानाही शब्द जपून निवडावे लागतात, आणि याचे सगळ्यात चांगले उदाहरण म्हणजे व्हिम. ब्रॅम मोलेनार यांनी 1991 मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध केलेला आणि 2023 मध्ये त्यांच्या मृत्यूपर्यंत त्यांनी सांभाळलेला हा एडिटर टर्मिनलमध्येही चालतो आणि स्वतःच्या खिडकीतही. त्यातल्या 'हॅज' या फंक्शनला दोन जवळजवळ सारखे दिसणारे प्रश्न विचारता येतात. 'जीयूआय' असे विचारले तर तो सांगतो की हा व्हिम खिडकीची सोय घालून कंपाइल केलेला आहे की नाही. 'जीयूआय_रनिंग' असे विचारले तर आत्ता खिडकीत चालला आहे की नाही ते सांगतो. डेबियनवर व्हिम-जीटीके3 हे पॅकेज बसवा आणि टर्मिनलमध्ये साधा 'व्हिम' टाका: पहिल्याचे उत्तर 'एक', दुसऱ्याचे 'शून्य'. ज्यांनी पहिला प्रश्न विचारून रंगसंगती ठरवली, त्यांचे प्लगइन एसएसएचवर भलत्याच रंगांत दिसतात.

दुसऱ्या प्रश्नातही एक मेख आहे, आणि ती व्हिमच्या मदतपानात प्रामाणिकपणे नोंदवलेली आहे: खिडकी चालू आहे, किंवा लवकरच सुरू होणार आहे. का, तर सेटिंग्जची फाइल वाचली जाते तेव्हा खिडकी अजून उघडलेली नसते. त्या क्षणी व्हिम जे सांगतो ते वर्तमान नसून इरादा असतो. इरादा फसूही शकतो. फसला, तर व्हिम 'जीयूआयफेल्ड' नावाची घटना जाहीर करतो आणि जमल्यास टर्मिनलमध्येच पुढे चालू राहतो. जमला, तर 'जीयूआयएंटर'. शिवाय टर्मिनलमध्ये तासभर काम केल्यावर कुणी ':जीयूआय' असा आदेश देऊन मधूनच खिडकीत जाऊ शकतो. तेव्हा प्लगइन लोड होताना एकदा विचारून उत्तर जपून ठेवणे, ही सवयच मुळात चुकीची. उत्तराला मुदत असते.

व्हिमकडून शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे आणि ती फार कमी लोक वापरतात. 'जीयूआय_रनिंग' विचारणाऱ्या बहुतेक प्लगइनांना खिडकीशी देणेघेणे नसते. कुणाला क्लिपबोर्ड हवा असतो, कुणाला पुरेसे रंग, कुणाला फाइल निवडण्याची चौकट. या प्रत्येकासाठी वेगळा, नेमका प्रश्न उपलब्ध आहे: 'क्लिपबोर्ड', 'टर्मजीयूआयकलर्स', 'ब्राउज'. टर्मिनलमध्ये पूर्ण रंग मिळण्याची सोय 2016 च्या व्हिम 8 पासून आहे, पण 'खिडकी नाही म्हणजे रंग नाहीत' असे धरून चाललेला कोड आजही सापडतो. आणि होय-नाही एवढेच विचारायचे असेल, तर काहीच तपासायची गरज नाही. 'कन्फर्म' हे फंक्शन वापरा. खिडकीत असेल तर ते चौकट उघडते, टर्मिनलमध्ये असेल तर खालच्या ओळीत विचारते. निवड होस्ट करतो. प्लगइनला कळतही नाही, आणि कळायची गरजही नाही.

निओव्हिमने 2014 नंतर हा सगळा मामलाच उलटा केला. त्याने अंगची खिडकी काढून टाकली. एडिटरचा गाभा एकीकडे, आणि दिसणारा भाग ही एक वेगळी प्रक्रिया, जी संदेशांच्या देवाणघेवाणीने गाभ्याला जोडली जाते. 'खिडकीत चालला आहे का?' हा प्रश्न तिथे 'कोण कोण जोडलेले आहे?' असा होतो. उत्तरादाखल यादी मिळते. यादी रिकामी असू शकते, म्हणजे हेडलेस. तीत एकाच वेळी दोघे असू शकतात, आणि मग गाभा दोघांना झेपेल असा लहानातला लहान आकार निवडतो. जोडला गेला की एक घटना, सुटला की दुसरी. काहींना ही रचना गैरसोयीची वाटते, जुने प्लगइन तिच्यापायी मोडले हेही खरे. तरी मला ती व्हिमपेक्षा सरळ वाटते. खिडकी हा एडिटरचा गुणधर्म नाही, ती येणारी-जाणारी गोष्ट आहे, हे तिने लपवले नाही.

ईमॅक्सवाल्यांना हे आधीपासून ठाऊक होते, निदान व्हायला हवे होते. 2009 च्या ईमॅक्स 23 पासून तो डिमन म्हणून पार्श्वभूमीत सुरू ठेवता येतो आणि मग हव्या तितक्या फ्रेम त्याला जोडता येतात: एक डेस्कटॉपवरची खिडकी, दुसरी फोनवरून एसएसएचने आलेले टर्मिनल, दोन्ही एकाच प्रक्रियेच्या. डिमन सुरू होताना 'डिस्प्ले-ग्राफिक-पी' विचाराल तर 'नाही' असेच उत्तर येणार, कारण तेव्हा कुठलीच ग्राफिकल फ्रेम नसते. आयकॉन दाखवणारे कित्येक पॅकेज तेव्हाच निर्णय घेऊन मोकळे होतात, आणि मग वापरणारा खिडकी उघडतो तेव्हा आयकॉन गायब. तक्रार येते ती 'डिमनमध्ये चालत नाही' अशी. खरे तर निर्णय फ्रेम तयार झाल्यावर, त्या त्या फ्रेमसाठी घ्यायचा असतो. त्यासाठी हुक आहेत, आणि 'डिस्प्ले-ग्राफिक-पी' हे फंक्शन 'कोणत्या डिस्प्लेबद्दल?' हेही ऐकून घेते.

ईमॅक्सच्या लिस्प पुस्तिकेत एक स्पष्ट ताकीद आहे: 'विंडो-सिस्टिम' हे व्हेरिएबल होय-नाहीसाठी वापरू नका. कारण गमतीचे आहे. एमएस-डॉसवर त्यात 'पीसी' असे मूल्य असते. ते रिकामे नाही, म्हणून लिस्पच्या लेखी 'होय', आणि खिडकीचा तर पत्ताच नाही. उलट तिथे काही टर्मिनलांहून जास्त सोयी आहेत. पुस्तिका सांगते की चित्र दाखवता येते का, रंग आहेत का, माउस आहे का, अनेक फॉन्ट चालतात का, असे सुटे सुटे विचारा. प्रत्येकासाठी वेगळे फंक्शन दिलेले आहे. मी तर म्हणेन की कोणत्याही होस्टसाठी लिहिणाऱ्याने ते पान एकदा वाचावे, ईमॅक्सशी आयुष्यात संबंध येणार नसला तरी.

इथवरचे होस्ट निदान वापरणाऱ्याच्या जवळपास चालतात. 2019 मध्ये व्हीएस कोडने रिमोट पद्धत आणली आणि आणखी एक गृहीतक गेले. हिंजवडीतल्या लॅपटॉपवर झकास खिडकी उघडी आहे, एक्स्टेंशन मात्र दुसऱ्या खंडातल्या लिनक्स सर्व्हरवर चालले आहे. एक्स्टेंशन आजूबाजूला बघते: डिस्प्ले नाही, वेलँड नाही, टूलकिट नाही. 'स्क्रीन नाही' असा निष्कर्ष काढते आणि गप्प बसते. वापरणाऱ्याच्या समोर चोवीस इंची मॉनिटर! उलट, सर्व्हरवर ब्राउझर उघडण्याचा प्रयत्न केला तर तो चुकून यशस्वी होणेही वाईटच. म्हणून तिथे एक्स्टेंशनने स्वतः काही उघडायचे नसते. 'हा पत्ता वापरणाऱ्याच्या बाजूला उघड' अशी विनंती होस्टला करायची, आणि आपण कुठल्या बाजूला चालायचे हे मॅनिफेस्टमध्ये आधी सांगून ठेवायचे. वापरणारा डेस्कटॉपवर आहे की ब्राउझरमधून आला आहे, हेही विचारता येते. रोजचे काम परदेशातल्या सर्व्हरवर करणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींना ही चूक लगेच दिसते. ती करणाऱ्या लेखकाला बहुधा दिसत नाही, कारण त्याचे सगळे एकाच यंत्रावर असते.

काही होस्ट मात्र विचारायची वेळच येऊ देत नाहीत. गिंपमध्ये प्लगइनच्या प्रक्रियेला बोलावताना पहिल्याच आर्ग्युमेंटमध्ये सांगितले जाते: संवादासह चाल, संवादाविना चाल, किंवा मागच्या वेळच्या मूल्यांनी चाल. त्यात शंकेला जागा नाही. संवादाविना म्हटल्यावरही डायलॉग उघडणारा गिंप प्लगइन हा सरळ सरळ नियमभंग आहे. ब्लेंडर पार्श्वभूमीत आहे की नाही हे एका व्हेरिएबलमध्ये ठेवतो. फ्रीकॅडने तर फाइलच वेगळ्या केल्या: 'इनिट' ही नेहमी वाचली जाते, 'इनिटजीयूआय' फक्त खिडकी असेल तेव्हा. मला या सगळ्यांत फ्रीकॅडची रीत सर्वात आवडते. तपासण्याची शिस्त लेखकाच्या लक्षात राहण्यावर सोडलेली नाही. खिडकीचा कोड जिथे लोडच होत नाही, तिथे तो गोंधळ घालू शकत नाही.

आता ध्वनीचे प्लगइन. हा या पुस्तिकेतला सर्वात मोठा भाग आहे, आणि त्याला कारण आहे. संगीत आणि रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये प्लगइनची खिडकी ही होस्टच्या खिडकीत बसवायची असते, म्हणजे नुसते 'आहे का' विचारून भागत नाही, 'कोणत्या जातीची' हेही लागते. विंडोजवर एका जातीचा हँडल, मॅकवर दुसऱ्या, एक्स11 वर तिसऱ्या. स्टाइनबर्गच्या व्हीएसटी3 या प्लगइन-फॉरमॅटमध्ये होस्ट प्लगइनच्या व्ह्यूला विचारतो, ही जात तुला चालते का? 2022 मध्ये बिटविग आणि यू-ही यांनी आणलेल्या क्लॅपमध्येही तसेच, फक्त तिथे आणखी एक प्रश्न जोडलेला असतो: आत बसणार की सुटी तरंगणार? वेलँडच्या नावापुढे क्लॅपच्या हेडर फाइलमध्ये शेरा आहे की आत बसवणे सध्या शक्य नाही, तरंगती खिडकी वापरा. म्हणजे तिथे 'वेलँड चालते का?' याचे उत्तर 'हो' आणि 'नाही' दोन्ही आहे, दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून.

लक्षात घ्या, इथे विचारणारा बदलला. एडिटरमध्ये प्लगइन होस्टला विचारतो. ध्वनीच्या जगात होस्ट प्लगइनला विचारतो. आणि तो कधी विचारणारच नाही, अशीही शक्यता असते. गाणे एक्स्पोर्ट करताना, कमांड लाइनवरून शेकडो फाइलींवर तोच रिव्हर्ब लावताना, खिडकीचा विषयच निघत नाही. ज्या प्लगइनमध्ये फॉन्ट, चित्रे आणि क्यूटी यांची सुरुवात कन्स्ट्रक्टरमध्येच होते, तो अशा वेळी न मागितलेल्या खिडकीच्या तयारीत कोसळतो. क्लॅपच्या हेडरमध्ये कुठले फंक्शन मुख्य थ्रेडवर चालणार आणि कुठले ध्वनीच्या, हे प्रत्येकापुढे लिहिलेले आहे. प्लगइनने पुरवायची खिडकीची फंक्शने सगळी मुख्य थ्रेडवर. त्यात सूट नाही.

एलव्ही2 या ध्वनी-प्लगइनच्या फॉरमॅटने इथे फ्रीकॅडच्या वाटेचे टोक गाठले. त्यात आवाजावर प्रक्रिया करणारा भाग आणि दिसणारा भाग या दोन वेगवेगळ्या लायब्ररी असतात. कोणता इंटरफेस कोणत्या जातीचा, हे एका मजकूर फाइलमध्ये लिहिलेले; कोड लोड न करताच होस्ट ते वाचू शकतो आणि आपल्याला न झेपणारा इंटरफेस हातही न लावता सोडून देतो. हे किती उपयोगाचे आहे ते जीटीकेच्या दोन आवृत्त्या एकाच प्रक्रियेत आल्यावर कळते. जीटीके 2 आणि 3 एकत्र चालत नाहीत, आणि तसे झाल्याचे लक्षात आले की प्रोग्राम तसा संदेश देऊन बंद पडतो. स्क्रीन आहे, टूलकिट आहे, सगळे आहे. फक्त होस्टचे टूलकिट वेगळ्या पिढीचे. एलव्ही2 च्या या विभागणीमुळेच मॉड या कंपनीच्या गिटार पेडलमध्ये तेच प्लगइन चालू शकतात. पेडलच्या आत डेस्कटॉप नाही, आणि इंटरफेस उघडतो तो वादकाच्या ब्राउझरमध्ये.

शेवटचा मुद्दा आपल्या लिपीचा. तो मराठी पुस्तिकेत आहे म्हणून ओढूनताणून आणलेला नाही. 'खिडकी आहे' या उत्तराचा फोलपणा देवनागरीत जितका दिसतो तितका रोमन लिपीत दिसत नाही. 'स्त्री' हा शब्द घ्या. सहा युनिकोड चिन्हे: स, हलन्त, त, हलन्त, र आणि दीर्घ ईकार. टर्मिनल चौकटींच्या जाळ्यावर लिहितो. लिनक्सवरच्या नेहमीच्या हिशोबाने हलन्ताला शून्य आणि बाकी प्रत्येकाला एक चौकट मिळते, म्हणजे शब्दाला चार. जोडाक्षर नीट जुळले तर त्याला इतकी जागा लागत नाही, आणि जुळले नाही तर चार सुटे तुकडे दिसतात. तुमच्या प्लगइनने काढलेल्या तक्त्याची उजवी कड मग वेडीवाकडी होते.

खिडकीत गेले की हे सुटते का? ईमॅक्समध्ये बऱ्याच अंशी सुटते. 2020 च्या 27.1 पासून तो अक्षरे जुळवण्यासाठी हार्फबझ वापरू शकतो, अर्थात तो तसा कंपाइल केलेला असेल तर. व्हिमची खिडकी मात्र खिडकीतही चौकटींचेच जाळे राखते, त्यामुळे 'जीयूआय_रनिंग' चे उत्तर 'एक' आले तरी मराठी मजकूर नीट दिसेल याची खात्री नाही. तेव्हा मराठी, हिंदी, कोकणी मजकूर दाखवणाऱ्या प्लगइनने खिडकीची चौकशी करून उपयोग नाही. मजकुराची रुंदी होस्टकडूनच मोजून घ्यावी, स्तंभ अक्षरे मोजून जुळवू नयेत, आणि तक्त्याशिवाय भागत असेल तर तक्ता काढूच नये. आपल्याकडे लिहिल्या जाणाऱ्या साधनांत हे तपासणारा माणूस क्वचितच भेटतो. मोठ्या प्रकल्पांची देखभाल करणाऱ्यांना ही अडचण दिसत नाही, कारण त्यांच्या स्क्रीनवर देवनागरी नसते. ती त्यांना दाखवणे हे आपलेच काम आहे.

पुस्तिकेत मोबाइलवरचे आणि ब्राउझरचे एक्स्टेंशन घेतलेले नाहीत. तिथे खिडकी सहसा असतेच, अडचणी निराळ्या. प्रकरणे होस्टप्रमाणे लावली आहेत, त्यामुळे ज्याला फक्त ध्वनीचे हवे त्याने एडिटरची प्रकरणे गाळली तरी चालेल. व्हिमचे प्रकरण मात्र कुणीही गाळू नये, कारण कंपाइलच्या वेळचे, सुरुवातीच्या वेळचे आणि आत्ताचे उत्तर यांतला फरक तिथे जितका उघड्यावर आहे तितका दुसरीकडे नाही. प्रत्येक उदाहरणात खिडकीविना चालणारी वाट आधी लिहिली आहे आणि खिडकीची नंतर जोडली आहे. हा क्रम मुद्दाम आहे. उलट क्रमाने लिहिलेल्या प्लगइनमध्ये खिडकीविनाची वाट नेहमी 'पुढच्या आवृत्तीत' जाते, आणि पुढची आवृत्ती काही येत नाही.

वाचकाला एकच विनंती आहे. यातली उदाहरणे आपल्या लॅपटॉपवर चालवून बघू नका; तिथे ती सगळी चालतील आणि काहीच कळणार नाही. आधी एक्स फॉरवर्डिंग बंद ठेवून एसएसएचने दुसऱ्या यंत्रावर जा आणि तिथे चालवा. मग एक्सव्हीएफबीखाली. मग विंडोजवर सर्व्हिस म्हणून, आणि इनपुटमध्ये निदान एक ओळ मराठी ठेवून. जे या तिन्ही ठिकाणी अडकत नाही, तेच दुसऱ्याच्या यंत्रावर पाठवा.